बेचाळीस की पंचावन्न

रामचंद्र निकम पहिल्यांदा माझ्या टेबलासमोर आले तेव्हा त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती. चिठ्ठीवर आमच्याच ग्रंथालयातल्या एका पुस्तकाचा नंबर. सांगलीतल्या एका जुन्या तंत्रनिकेतनात मी ग्रंथपाल होते. चिठ्ठी पुढं सरकवून ते म्हणाले, "बाई, एवढं पुस्तक बघाया मिळंल का? घरी न्यायचं न्हाई. हितंच बसून दोन आकडे उतरून घेतो आन् जातो."

साठी ओलांडलेले, अंगानं काटक. पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री, दाढी गुळगुळीत. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं काढलेला माणूस लांबून ओळखू येतो तसे. उजवा हात मात्र पँटच्या खिशात होता, आणि चिठ्ठी त्यांनी डाव्या हातानं दिली.

मी जुन्या कार्डांचा खण ओढला. कार्ड सापडलं. एका विलायती मोटारीचं दुरुस्तीचं पुस्तक. ती कंपनी बंद पडून जमाना झाला होता. कार्ड बघून ते लहान मुलासारखे हसले. मग मला सांगावं लागलं की ते कपाट तळमजल्यावर होतं, आणि मोठ्या पुरात कृष्णेचं पाणी तळमजल्याच्या छताला लागलं होतं.

"पर कार्ड हाय की," ते म्हणाले.

"कार्डं वरच्या मजल्यावर होती, काका. पुस्तकांचा लगदा झाला. आम्ही तो घमेल्यांनी भरून बाहेर काढला."

त्यांनी कार्डावरचा नंबर आपल्या चिठ्ठीशी ताडून बघितला. मग म्हणाले, "पुराच्या आदी आलो असतो तर." एवढंच बोलून कार्ड जागेवर ठेवलं आणि सातारची एसटी पकडायला गेले.

मला वाटलं, संपलं. पण पुढच्या महिन्यात गुरुवारी ते पुन्हा आले, आणि त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं दर महिन्याला येत राहिले. त्यांना मिरजेच्या डॉक्टरांकडे यावं लागायचं. उजव्या हाताला कंपवात सुरू झाला होता. पण हे मला त्यांनी सहा महिन्यांनी सांगितलं. तोवर हात खिशात, नाहीतर टेबलाखाली.

त्यांची एक सवय होती. काहीही सांगा, ते विचारायचे, "कुणी बघितलं?" मी म्हटलं, साडेचारला सातारा गाडी आहे. "कुणी बघितलं?" बोर्डावर लिहिलंय. "बोर्ड कवा लिवलाय?" मग ते चहावाल्याला विचारायचे, एखाद्या कंडक्टरला विचारायचे, आणि दोघांचं जुळलं तरच निघायचे. आमच्या शिपायानं एकदा चहा आणला आणि म्हणाला, साखर दोन चमचे घातलीय. निकमकाकांनी गंभीरपणे विचारलं, "सपाट का शिगोशीग?" शिपाई हसला. ते हसले नाहीत.

त्यांच्याजवळ एक शंभर पानी वही असायची. इंजिनातली प्रत्येक बाब एका ओळीत, आणि तिच्यापुढं तीन रकाने: कुणी सांगितलं, डोळ्यानं बघितलं का, दुसरीकडं जुळलं का. तिन्ही रकाने भरल्याशिवाय ती गोष्ट त्यांच्या लेखी खरी नव्हती. पुस्तकाला हात लावण्याआधी दोन्ही हात रुमालानं पुसायचे, हातांना ग्रीस नसलं तरी.

त्यांना इंग्रजी अक्षरं लागत, वाक्यं लागत नसत. त्यामुळं जुनी मासिकं, जाहिराती, दुसऱ्या गाड्यांची पुस्तकं मी वाचून दाखवायची आणि त्यांनी वहीत लिहायचं. हळूहळू मला सगळी हकिकत कळली. साताऱ्यात एक डॉक्टर होते, नावाजलेले. त्यांच्याकडे ही मोटार होती, आणि निकमकाकांचे वडील तीस वर्षं त्या मोटारीवर ड्रायव्हर होते. डॉक्टर गेले, वडील गेले, मोटार शेडमध्ये पडून राहिली. डॉक्टरांच्या मुलानं, अभयनं, ती पुन्हा चालू करायला काढली. लग्नाच्या वरातीला भाड्यानं द्यायची होती. काम निकमकाकांना मिळालं.

"आमचा बा आवाजावरनं सांगायचा, बाई. इंजन चालू केलं की कान लावून म्हणायचा, आज तिसऱ्या शिलिंडरचं बिनसलंय. मी लष्करात टँकरची इंजनं खोलली, पर ह्या इंजनाला बानं कवा हात लावू दिला न्हाई. म्हणायचा, तुला आजून याचं सगळं ठाव न्हाई." आणि मग म्हणाले, "माझ्या हातून आता एकच इंजन व्हनार. मिरजेचं डॉक्टर सांगत न्हाईत, पर मला ठाव हाय. बोल्ट धरला की बोल्ट नाचतोय."

इंजिन खोलून, साफ करून झालं होतं. अडलं होतं ते बांधताना. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, ब्लॉकवर बसवून त्याचे नट किती जोरानं आवळायचे, हा आकडा हवा होता. कमी आवळलं तर गळणार, जास्त आवळलं तर तुटणार. आणि त्या मोटारीची इंजिनं दोन प्रकारची निघाली होती. बाहेरून सारखी, पण नट ज्यांवर बसतात ते आट्यांचे दांडे, म्हणजे स्टड, वेगळ्या जाडीचे. डॉक्टरांच्या इंजिनावरची नंबराची पितळी पट्टी कुणीतरी कधीतरी काढून नेली होती. त्यामुळं आपलं इंजिन कुठल्या प्रकारचं, हेच कळत नव्हतं.

इथं माझी चूक आली.

अभय घाई करत होता. दिवाळीनंतर लग्नं सुरू होतात, तोवर गाडी पाहिजे होती. निकमकाका एका गुरुवारी आले ते घामानं भिजलेले. हात टेबलाखाली ठेवायचंही त्यांना सुधरत नव्हतं. "बाई, कायतरी करा. पोरगं दुसऱ्याकडं गाडी न्हेतो म्हणतंय." मी कॉम्प्युटरवर बसले. जुन्या मोटारींच्या परदेशातल्या हौशी लोकांची इंटरनेटवरची पानं चाळली. एका ठिकाणी आकडा सापडला: पंचावन्न. मग दुसऱ्या ठिकाणी तोच. तिसऱ्या ठिकाणीही तोच.

"कुणी बघितलं?" त्यांनी विचारलंच.

मी म्हणाले, "काका, तीन वेगवेगळ्या माणसांनी लिहिलंय. तिघांचं जुळतंय."

त्यांनी मला विचारलं, "कुठल्या नंबराच्या इंजनाचं लिवलंय?" मी पटापट वर-खाली बघितलं. तसं काही लिहिलेलं नव्हतं. माझी बैठक होती, प्राचार्यांचा निरोप दोनदा येऊन गेला होता. मी म्हणाले, "सगळ्यांचंच असेल." त्यांनी वहीत पंचावन्न लिहिलं आणि तिन्ही रकाने भरले. मी ते बघितलं.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. मला वाटलं, इंजिन चालू झालं.  पलीकडून आवाज आला, "बाई, ब्लॉक फुटला."

सगळे नट त्यांनी क्रमानं, तीन फेऱ्यांत आवळले होते. शेवटच्या फेरीत पंचावन्नला जाताना मधला एक स्टड आट्यांसकट उपटून आला आणि ब्लॉकला तिथून थेट सिलिंडरपर्यंत चीर गेली. बिडाला अशी चीर गेली की ते भंगार.

मी त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी शांतपणे ती तिन्ही पानं पुन्हा वाचली. तिन्हींत एकच शब्द एकाच ठिकाणी चुकीचा लिहिलेला होता. म्हणजे तिघांनी एकमेकांचं उतरून घेतलं होतं. बघणारा कुणी असलाच तर एकच होता, आणि आपलं इंजिन कुठल्या प्रकारचं, हे त्यानं लिहिलंच नव्हतं.

मी रजा टाकून साताऱ्याला गेले. गोडोलीच्या बाजूला त्यांचं घर, मागं पत्र्याची शेड. दार त्यांच्या बायकोनं, मालनकाकूंनी उघडलं. मला बघून म्हणाल्या, "तुमीच का त्या पुस्तकवाल्या बाई?" आत घेतलं, पाणी दिलं, आणि मग मनात होतं ते बोलल्या. "दोन दिस जेवल्यालं न्हाई माणूस. त्या इंजनानं माझं घर खाल्लं बगा. हात चालत न्हाई, झोप न्हाई, आन् आता तोंडानं बोलत बी न्हाई."

शेडमध्ये निकमकाका एका स्टुलावर बसले होते. फुटका ब्लॉक समोर बाकड्यावर. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. तो हात मी पहिल्यांदा नीट बघितला. पान हलावं तसा हलत होता.

"तुमचं काय न्हाई त्यात," ते म्हणाले. "इचारायचं काम माझं. मी इचारलं, उत्तर आलं न्हाई, तरी लिवलं. लष्करात असं कुणी केलं असतं तर मी त्याला उनात उभा केला असता." आणि मग एकदम त्यांना रडू कोसळलं. मालनकाकू दारातूनच माघारी गेल्या.

त्यानंतर ते थांबतील असं मला वाटलं होतं. उलट ते जास्तच पेटले. दर दोन दिवसांनी फोन. अमुक गावात अशी गाडी होती म्हणे, तमुक गॅरेजवाल्याकडं पुस्तक आहे म्हणे. प्रत्येक ठिकाणी एसटीनं जायचे आणि हात हलवत परत यायचे. कराडला एकानं पुस्तक म्हणून दिलं ते ट्रॅक्टरचं निघालं. कोल्हापूरच्या भंगार बाजारात तीन दिवस फिरले. तोवर चालण्यातही फरक पडला होता. पाऊल उचलायला वेळ लागायचा. मिरजेच्या डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या.

मग कळलं, कोयनानगरला धरणाच्या प्रकल्पावर पूर्वी या कंपनीच्या दोन मोटारी होत्या आणि तिथला एक निवृत्त स्टोअरकीपर, शेलार नावाचा, अजून वसाहतीतच राहतो. ते एकटे जाणार म्हणाले. मी म्हटलं, मी येते. मलाही घरी बसवत नव्हतं.

घाटात त्यांना तीनदा ओकारी झाली. शेलारभाऊ ऐंशीच्या पुढचे, कानानं कमी. निकमकाकांनी गाडीचं नाव कानात ओरडून सांगितल्यावर ते उठले, पलंगाखालून एक पत्र्याची ट्रंक ओढली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक बाहेर काढलं. तेच पुस्तक. आमच्या कार्डावरचं.

निकमकाका खाली जमिनीवरच बसले. हात रुमालानं पुसले. पण त्यांना पान उलटता येईना. बोटं नुसतीच कागदावर थरथरत होती. मी पुस्तक घेतलं आणि शोधायला लागले. हेडचं पान सापडलं. मी वाचलं: पहिल्या प्रकारच्या इंजिनाला बेचाळीस, दुसऱ्या प्रकारच्या इंजिनाला पंचावन्न. कुठला प्रकार ते इंजिनाच्या नंबरावरून आणि स्टडच्या जाडीवरून ओळखावं, तक्ता मागच्या पानावर बघावा.

मी मागचं पान उलटलं. पान नव्हतं. वाळवीनं मागची चाळीसेक पानं पोखरली होती. मधे नुसत्या मातीच्या नळ्या.

"वाचा की," निकमकाका म्हणाले.

मी पुस्तक त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी त्या मातीवरून बोट फिरवलं. शेलारभाऊ विचारत होते, "काय झालं? सापडलं न्हवं?" 

"फुटला तो पंचावन्नला," परतीच्या गाडीत मी म्हणाले, "म्हणजे आपला बेचाळीसचाच असणार ना?"

"असणार," ते म्हणाले. "असणार म्हणजे ठाव न्हाई. जुनं बीड व्हतं, आदीच कुठं तडकलेलं असंल. स्टड कुजका असंल. कुणी बघितलं?"

माण तालुक्यातलं इंजिन त्यांना कसं कळलं, ते मला आजही नीट माहीत नाही. लष्करातला कुणी जुना सोबती दहिवडीच्या बाजूचा होता, त्यानं सांगितलं म्हणे. त्याच्या गावाबाहेरच्या एका विहिरीवर ह्याच कंपनीच्या मोटारीचं इंजिन बसवून पाणी उपसायचे. विहीर आटली, इंजिन तसंच राहिलं. त्याला कुणाही मिस्त्रीचा हात लागलेला नाही.

आम्ही गेलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि उन्हानं डोळे उघडवत नव्हते. मळ्याची मालकीण हिराबाई, सत्तरीच्या, शेळ्या सोडायच्या तयारीत होत्या. मुलगे मुंबईला. निकमकाकांनी सगळं सांगितलं, वडिलांपासून वाळवीपर्यंत.  हिराबाई म्हणाल्या, "आमच्या मालकानं आनलेलं हाय त्ये. भंगारवाला धा येळा येऊन गेला, दिलं न्हाई. तुमाला काय करायचं हाय त्याचं?"

"चालवायचं हाय, आक्का," निकमकाका म्हणाले.

"मंग बगा की. चालनार आसंल तर न्या."

विहिरीच्या काठावर, गंजलेल्या पत्र्याखाली इंजिन होतं. निकमकाकांनी बाजूची माती हातानंच खरवडली. खाली पितळी पट्टी निघाली, चारी रिबिटांसकट. त्यावर अक्षरं आणि नंबर, आणि अक्षरांच्या शेवटी शेलारभाऊंच्या पुस्तकात पहिल्या प्रकारापुढं छापलेला होता तोच आकडा. मी वाचून दाखवला. ते म्हणाले, "परत वाचा." मी पाच वेळा वाचला.

मग त्यांनी एक नट काढायला घेतला. पाना नटावर बसेना. दोनदा सटकला, तिसऱ्यांदा त्यांची बोटं सोलवटली. मी पाना मागितला. त्यांनी दिला नाही. चौथ्यांदाही सटकला तेव्हा हिराबाई पुढं आल्या आणि म्हणाल्या, "द्या हिकडं, बाबा. रहाटाचं नट मीच काडायची." त्यांनी पायाचा जोर लावून नट सैल केला. निकमकाका तोंड फिरवून उभे राहिले. स्टड निघाला. मी जाडी मोजायचा व्हर्नियर लावला, आकडा वाचला. फुटलेल्या ब्लॉकमधला स्टड त्यांनी पिशवीत आणला होता. त्याची जाडी घेतली. दोन्ही सारख्या.

"बेचाळीस," ते म्हणाले. वही काढली, माझ्या हातात दिली. "तुमी लिवा. आन् खाली लिवा, दोघींनी बघितलं."

हिराबाईंनी आख्खं इंजिन दिलं. टेंपो करून ते साताऱ्याला आणलं. ब्लॉक चांगला निघाला. त्याच संध्याकाळी निकमकाका अभयला सांगायला गेले. मी सोबत होते. डॉक्टरांच्या बंगल्यातली शेड रिकामी होती.

अभय वाईट माणूस नव्हता. त्यानं आम्हाला बसवलं. म्हणाला, "काका, मी किती थांबायचं? पुण्याच्या एकानं डिझेल इंजिन बसवून दिलंय. जीपचं आहे, पण मस्त चालतंय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ते जुनं सामान तुमच्याकडंच ठेवा."

निकमकाका उठले. दारापर्यंत जायला त्यांना फार वेळ लागला. रस्त्यावर आल्यावर मी काहीतरी बोलले, काय ते आता आठवत नाही. ते म्हणाले, "बाला काय सांगू?" आणि घराकडं चालू लागले.

तरीही त्यांनी इंजिन बांधलं. त्यातलं मी काहीच बघितलं नाही. सांगितलं ते मालनकाकूंनी. शेडमध्ये लोखंडी अँगलच्या स्टँडवर इंजिन ठेवलं. निकमकाका स्टुलावर बसून सांगायचे आणि हात काकूंचे. "मला म्हनायचे, ओढ. मी ओढायची. म्हनायचे, पाना कट् वाजला की सोड, त्याच्या म्होरं एक केस न्हाई जायचं. मला लय राग यायचा, बाई. चाळीस वर्सं मला त्या शेडमदी येऊ दिलं न्हाई, आन् आता म्हनतोय ओढ." चार महिने लागले. एका दुपारी इंजिन चालू झालं. शेजारीपाजारी गोळा झाले. निकमकाका कान पुढं करून दोनेक मिनिटं ऐकत राहिले आणि म्हणाले, "बंद कर." का, असं काकूंनी विचारलं तर म्हणाले, "बरोबर हाय. पर हे जाणार कुठं?"

गाडी नसलेलं इंजिन. ते पुन्हा चालू केलं की नाही, मी विचारलं नाही.

मी त्यांना शेवटचं भेटले ते गेल्या वर्षी, त्यांच्या घरी. ते पलंगावर उशीला टेकून बसले होते. आवाज इतका बारीक झाला होता की ओठांकडं बघत ऐकावं लागायचं. त्यांच्या वहीची पानं मी स्कॅन करून, पितळी पट्टीच्या फोटोसकट, हौशी लोकांच्या त्याच पानांवर टाकली होती. खाली त्यांचा फोन नंबर त्यांनीच द्यायला लावला होता. हे मी त्यांना सांगत होते तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

बेळगावकडचा कुणीतरी होता. त्याच्याकडं तशीच गाडी होती, हेड बसवायचं होतं, आकडा हवा होता. निकमकाका बोलायला लागले. पलीकडून नुसतं, "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही." ते जोर लावून बोलले. मानेच्या शिरा ताणल्या, पण शब्द त्यांच्या ओठांबाहेर पडेनात. फोन बंद झाला. ते बंद फोनमध्ये बोलतच राहिले.

मालनकाकू स्वयंपाकघरातून आल्या. पदराला हात पुसले, फोन घेतला, तोच नंबर लावला आणि स्पीकरवर ठेवला. मग त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन, ते सांगतील ते मोठ्यानं बोलायला लागल्या.

"ते इचारत्यात, नंबरपट्टी हाय का?"

पट्टी नव्हती. तो माणूस म्हणाला, "फक्त आकडा सांगा की, बाई. हेड लावून तयार आहे. मेकॅनिक थांबलाय."

काकूंनी नवऱ्याकडं बघितलं. त्यांनी मान हलवली.

"न्हाई सांगनार म्हनत्यात. आदी एक स्टड काडा आन् जाडी मोजा. व्हर्नियर हाय का तुमच्याकडं?"

शेजारच्या गॅरेजात होता. आणायला वेळ लागेल, मी नंतर फोन करतो, तो म्हणाला.

निकमकाकांनी काकूंचा हात घट्ट धरला आणि काहीतरी पुटपुटले.

"फोन ठिवू नगा," काकू म्हणाल्या. "तुमी जाऊन आना. आमी हितंच हाय."

पलीकडं फोन कुठंतरी टेकवून ठेवल्याचा आवाज आला, मग पावलं दूर गेली. माझ्या एसटीची वेळ झाली होती. मी दोघांचा निरोप घेतला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. पलंगाच्या कडेला दोघंही फोनकडं बघत बसले होते, कधी एकदा तो माणूस परत येतोय म्हणून.